पहिल्या अक्षराची शाळा

डिक्शनरी पाठ करायला बसलेला माणूस बहुधा ‘बी’ संपायच्या आत उठतो. हायस्कुलात इंग्रजी शिकवताना असा एखादा विद्यार्थी मला जवळजवळ दर वर्षी भेटायचा. हुशार, जिद्दी, घरून कुणीतरी टोचणी लावलेला. जूनमध्ये नवी दोनशेपानी वही, पहिल्या पानावर मोठा ‘ए’, त्याखाली शब्द, समोर अर्थ, लाल शाईच्या रेघा. दिवाळीनंतर वही मागितली तर ‘बी’ची दोन पानं भरलेली आणि बाकीची कोरी. त्या मुलाला ‘अबेट’ आणि ‘अबॅन्डन’ अर्थासकट यायचे, पण ‘विंडो’ लिहायला सांगितलं तर तो खिडकीकडे बघायचा.

मी त्या मुलांना कधी हसले नाही. उलट मला कुतूहल वाटायचं, की यांना ही वाट दाखवली कुणी? शब्द शिकायचे म्हणजे एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द एका खाली एक लिहायचे, ही कल्पना आपल्याकडची नाही. ती बाहेरून आली, आणि आली ती भलत्याच कामासाठी. शब्द सापडावा म्हणून केलेली मांडणी शब्द शिकायची मांडणी कशी होऊन बसली, हा माझ्या मते इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासातला एक गमतीदार गोंधळ आहे. निवृत्तीनंतर वेळ होता आणि वाईसारख्या कोशांच्या गावात राहते. तेव्हा तो गोंधळ जरा उलगडून पाहिला.

आधी आपलं घर. माझे आजोबा जुन्या वळणाचे, लहानपणी अमरकोश पाठ केलेले. पहाटे अंगणात फेऱ्या मारताना त्यांचं पुटपुटणं चालायचं. अमरसिंहाच्या या कोशात ‘अ’चं प्रकरण नाही की ‘क’चं नाही. पहिल्या कांडात स्वर्गवर्ग, म्हणजे देव आणि त्यांची नावं. दुसऱ्यात भूमिवर्ग, पुरवर्ग, शैलवर्ग, वनौषधिवर्ग, सिंहादिवर्ग, मनुष्यवर्ग. म्हणजे पृथ्वी, नगर, डोंगर, झाडं, जनावरं, माणसं. एका वस्तूची सगळी नावं एका श्लोकात आणि तिच्या शेजारी तिच्या जातीच्या इतर वस्तू. कोश डोक्यात ठेवायचा असल्यामुळे तो वृत्तात बांधलेला. बघायला कुठे जायचंच नव्हतं, मग शोधायची सोय हवी कशाला?

आणि अमरकोशात जिथे अक्षराचा आधार घेतलाय तिथे तो शेवटच्या अक्षराचा आहे! तिसऱ्या कांडातला नानार्थवर्ग हा अनेक अर्थ असलेल्या शब्दांचा. तिथे आधी ‘क’ने संपणारे, मग ‘ख’ने संपणारे, मग ‘ग’ने, असे शब्द लावलेत. शिवाजी महाराजांच्या काळात फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश रघुनाथपंतांनी रचला. त्याचीही मांडणी अशीच वर्गांची: राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग. गडावरच्या कारकुनाला गडाचे शब्द एका ठिकाणी हवेत. ते कुठल्या अक्षराने सुरू होतात याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

यातला विरोधाभास लक्षात घ्यावा असा आहे. आपल्या वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध. कंठातून निघणारे वर्ण आधी, मग टाळूचे, मूर्ध्याचे, दातांचे आणि ओठांचे शेवटी. इंग्रजी ए-बी-सी-डीला असा कुठलाही हिशेब नाही. फिनिशियनांकडून ग्रीकांकडे, तिथून रोमनांकडे आणि पुढे इंग्रजांकडे आलेला तो वडिलोपार्जित क्रम. ज्यांच्याकडे क्रमाला कारण होतं त्यांनी जुने कोश त्यावर रचले नाहीत. ज्यांच्याकडे कारण नव्हतं त्यांनी त्यावर सगळी विद्या रचली.

अर्थात त्यांनाही ते सहज सुचलं नाही. इटलीतल्या जिओव्हानी बाल्बी नावाच्या भिक्षूने १२८६मध्ये ‘कॅथोलिकॉन’ हा लॅटिन कोश पुरा केला, तेव्हा वाचकाला वर्णानुक्रम म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं. ‘आमो’ आधी आणि ‘बिबो’ नंतर, कारण ‘ए’ हा ‘बी’च्या आधी येतो, इतकं बाळबोध. इंग्रजीची पाळी आणखी तीनशे वर्षांनी आली. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा हेडमास्तर रिचर्ड मल्कॅस्टर याने १५८२मध्ये सुमारे आठ हजार इंग्रजी शब्दांची यादी छापली, पण अर्थ दिले नाहीत. कुणीतरी विद्वानाने सगळे शब्द अर्थासह एकत्र करावेत, अशी इच्छा मात्र बोलून दाखवली. एडमंड कूट या दुसऱ्या मास्तराने १५९६च्या आपल्या शालेय पुस्तकात अवघड शब्दांची अर्थासह यादी दिली. ते पुस्तक पुढे शंभराहून अधिक वर्षं छापलं जात होतं.

मग १६०४मध्ये रॉबर्ट कॉड्रीचं ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ आलं. हा रटलंड परगण्यातला मास्तर आणि धर्मोपदेशक. चर्चच्या वरिष्ठांशी न पटल्यामुळे त्याची धर्मोपदेशकाची जागा गेलेली. पुस्तकाच्या कामात त्याचा मुलगा थॉमस सोबतीला होता, आणि तोही मास्तरच. पुस्तकात अडीच हजारांच्या आसपास शब्द, तेही फक्त अवघड. अर्थ बहुतेक ठिकाणी एखाद-दुसऱ्या शब्दात. फ्रेंचमधून आलेल्या शब्दाला एक खूण, ग्रीकमधून आलेल्याला दुसरी. पुस्तक कुणासाठी, हे मुखपृष्ठावरच छापलं होतं: स्त्रिया आणि इतर अशिक्षित माणसं. देवळात प्रवचनात लॅटिन वळणाचे शब्द कानावर पडतात आणि कळत नाहीत, त्यांच्यासाठी. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश म्हणून अभ्यासक याच पुस्तकाकडे बोट दाखवतात.

कॉड्रीने प्रस्तावनेत वाचकाला दिलेली सूचना मला फार आवडते. तो म्हणतो त्याचा आशय असा: आधी अक्षरांचा क्रम न बघता पक्का करा, कुठलं अक्षर सुरुवातीला, कुठलं मध्ये, कुठलं शेवटी. शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या आरंभी बघा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे. पाठ काय करायचं, तर अक्षरांचा क्रम! शब्द नव्हेत. शब्द अडला की बघायचे. पहिल्या कोशकाराच्या मनात शोधणं आणि शिकणं यांच्यात गल्लत नव्हती.

सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५मध्ये आला. नऊ वर्षांचं काम, सहा लेखनिक, बेचाळीस हजारांवर नोंदी, दोन अवजड खंड आणि किंमत साडेचार पौंड. त्यातही ‘आय’ आणि ‘जे’ एकाच विभागात, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकाच विभागात आहेत, कारण ही अक्षरं पुरती वेगळी मानायची सवय तेव्हा रुळली नव्हती. आज पोरं ज्या सव्वीस अक्षरांची गाणी म्हणतात, त्यांचं घर तेव्हा अजून वाटणीत होतं. या मांडणीवर टीका करणारेही निघाले. कवी कोलरिजने १८१८च्या सुमाराला ‘एनसायक्लोपीडिया मेट्रोपोलिटाना’ची आखणी करताना, पहिल्या अक्षराच्या अपघातावर ज्ञान रचण्याला स्पष्ट विरोध केला. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२मध्ये ‘थिसॉरस’ छापला तो कल्पनांच्या वर्गवारीने, जवळजवळ अमरकोशाच्या वळणाचा. पण मागे अकारविल्हे सूची त्यालाही द्यावी लागली, आणि लोक पुस्तक उघडतात ते मागूनच. छापील अमरकोशाचंही तेच झालं. त्याच्याही मागे अकारविल्हे शब्दसूची आली. पाठ करणारे कमी झाले आणि शोधणारे वाढले, एवढाच त्याचा अर्थ.

ही मांडणी मराठी मुलखात आली ती इंग्रजांना मराठी शिकायचं होतं म्हणून. विल्यम कॅरीने सेरामपूरहून १८१०मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने, आणि त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत छापले. व्हॅन्स केनेडीचा दुहेरी कोश मुंबईत १८२४मध्ये निघाला. मग लष्करातला जेम्स मोल्सवर्थ. त्याच्या हाताखाली शास्त्रीमंडळी बसली, शब्द जमवले, तपासले, अर्थ लावले. १८३१च्या त्याच्या कोशात चाळीस हजार शब्द होते, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजार. त्या शास्त्र्यांपैकी बहुतेकांची वाणी अमरकोशावर घडलेली असणार. वर्गांत विचार करणाऱ्या माणसांनी आपल्या बायकापोरांच्या तोंडचे शब्द अक्षराच्या खणांत टाकले. टपाल कचेरीत पत्रांचे गावोगावचे खण असतात, तसंच ते: पत्र कुठल्या खणात आहे हे खणावरून कळतं, पत्रात काय लिहिलंय ते नाही.

उलट बाजूचा, म्हणजे इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगणारा मोठा कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि थॉमस कँडीने १८४७मध्ये पुरा केला. तोवर हवा पालटली होती. १८३२च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हाच एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर होता. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ झालं, आणि मॅट्रिक नावाचा उंबरठा घरोघरी माहीत झाला. तो ओलांडला तर कचेरीत नोकरी, नाहीतर शेती किंवा भिक्षुकी. कोश आता साहेबाच्या टेबलावरून विद्यार्थ्याच्या फळीवर आला. बाबा पदमनजींनी १८६३मध्ये मोल्सवर्थची संक्षिप्त आवृत्ती काढली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधल्या वामन शिवराम आपट्यांनी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-संस्कृत कोश १८८४मध्ये छापला. विसाव्या शतकाच्या आरंभी नी. बा. रानड्यांचा भला मोठा इंग्रजी-मराठी कोश आला. आमच्या पिढीच्या दप्तरात वीरकरांची छोटी डिक्शनरी असायची, कोपरे दुमडलेली.

गंमत अशी की शाळेतलं शिकणं अकारविल्हे नव्हतंच. सरकारी शाळांत शिक्षणखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांच्या नावाची रीडरं चालत. त्यांत धडे होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी गिरवले. त्यांत नियम, मग शब्द, मग वाक्यं, मग मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून मराठी. शब्द वाक्यासाठी आणि वाक्य नियमासाठी. मग ‘ए’ची वही आली कुठून? माझा तर्क साधा आहे. मास्तर नसताना, शिकवणीला पैसे नसताना, घरात जे एकमेव इंग्रजी पुस्तक असे ते डिक्शनरी. आणि आपल्याकडे पुस्तक हातात आलं की ते पाठ करायचं, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्यांचा. कोश म्हणजे पाठ करायची वस्तू, हे अमरकोशाने शिकवलेलं; हातात आलेला कोश मात्र पाठ करण्यासाठी रचलेलाच नव्हता. आजोबांनी श्लोक म्हटले, नातवाने तीच घोकंपट्टी ‘अबेट’वर केली.

मराठी मुलाची अडचण त्यातही निराळी. आपल्याकडे शब्द ऐकला की पहिलं अक्षर हातात येतं. ‘कमळ’ ऐकलं की ‘क’. इंग्रजीत पहिलं अक्षर कानाचं नसून डोळ्याचं आहे. ‘सायकॉलॉजी’ ऐकणारा मुलगा ‘एस’मध्ये शोधतो आणि तो शब्द ‘पी’मध्ये बसलेला असतो. ‘नाइफ’ ‘के’मध्ये, ‘राइट’ ‘डब्ल्यू’मध्ये, ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ ‘एच’मध्ये, ‘वन’ चक्क ‘ओ’मध्ये. एकट्या ‘सी’च्या घरात ‘कॅट’ही आहे, ‘सिटी’ही आहे आणि ‘चेअर’ही. म्हणून मी एक गोष्ट मान्य करते: मराठी मुलाला एकाच अक्षराच्या याद्यांचा एक फायदा खरोखर होता, आणि तो अर्थाचा नसून स्पेलिंगचा होता. ‘के सायलेंट’ असं म्हणत नो, नी, नॉक, नॉट, निट, नाइफ, नील एका दमात म्हणून घेतले की ते मूक अक्षर जन्मभर हातातून सुटत नाही. तसंच ‘क्यू’. डिक्शनरीत त्याची पानं थोडीच, आणि बहुतेक सगळीकडे ‘क्यू’च्या मागे ‘यू’. क्विक, क्वाएट, क्वाइट, क्वेश्चन, क्वारल, क्वार्टर, क्वीन. वर्गात मी हे एक अक्षर पुरं करून घ्यायची. ‘क्वाएट’ आणि ‘क्वाइट’ यांची अदलाबदल मात्र दर वर्षी नव्याने व्हायची.

दुसरा फायदा उपसर्गांचा. इंग्रजीतले हजारो शब्द लॅटिनमधून आलेले, आणि लॅटिन उपसर्ग शब्दाच्या तोंडाशी बसतो. त्यामुळे ‘आर’मध्ये ‘री’चे शब्द, ‘डी’मध्ये ‘डिस’चे, ‘पी’मध्ये ‘प्री’ आणि ‘प्रो’चे आपोआप एकत्र येतात. पण संस्कृत शिकलेल्या माणसाला याहून चांगली रीत माहीत असते. आपल्याकडे धातू एकच धरून उपसर्ग बदलायचे: आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार. मुलांना ते माहीत असल्यामुळे इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, रिपोर्ट, ट्रान्स्पोर्ट, सपोर्ट ही रांग फळ्यावर लिहिली की वर्ग लगेच जागा व्हायचा. या पाचांची पहिली अक्षरं पाच. डिक्शनरीत ते एकमेकांना कधी भेटलेच नसते.

पण पहिल्या अक्षराचा एक वेगळा इतिहासही आहे. तो कोशांचा नाही, खेळाचा आहे. लंडनच्या नौदल खात्यात काम करणाऱ्या सॅम्युएल पीप्सने ४ मार्च १६६९च्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. डेप्टफर्डला तो एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी गेला तर तिथे यॉर्कचा ड्यूक, त्याची पत्नी आणि दरबारी स्त्रिया खुर्च्या नसल्यामुळे जमिनीवर गालिचा टाकून बसलेल्या, आणि खेळ चाललेला. खेळ असा: माझं माझ्या माणसावर ‘ए’ने प्रेम आहे, कारण तो असा-असा, मला त्याचा ‘ए’ने राग येतो, कारण तो तसा-तसा. दोन्ही विशेषणं ‘ए’ची हवीत. डचेस आणि लेडी कॅसलमेन यांची उत्तरं विशेष खुमासदार होती, अशी पीप्सची नोंद आहे. हाच ड्यूक पुढे इंग्लंडचा राजा झाला. दोनशे वर्षांनीही खेळ जिवंत होता. डिकन्सच्या ‘ख्रिसमस कॅरोल’मध्ये स्क्रूजची भाचेसून मेजवानीनंतर तो खेळते, आणि १८७१च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये अ‍ॅलिस तो ‘एच’वर खेळते. मधल्या काळात १८१३ला लंडनच्या जॉन हॅरिसने ‘पीटर पायपर’चं पुस्तक काढलं, ज्यात जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक जीभ वळवणारं वाक्य आहे. त्या पुस्तकाचं लांबलचक नावसुद्धा ‘पी’च्या शब्दांनी भरलेलं.

या खेळात आणि यादीत फरक काय? यादीत शब्द तुमच्यासमोर मांडलेला असतो. खेळात तो तुम्हाला स्वतःच्या डोक्यातून काढावा लागतो, तोही ताबडतोब, आणि वाक्यात बसेल असा. एकाच अक्षराची अट असल्यामुळे नेहमीचे चार शब्द लगेच संपतात आणि माणूस आतल्या खोलीत शिरतो. आपल्याकडच्या भेंड्यांत शेवटच्या अक्षराने हेच काम होतं. ‘ळ’ आला की अंगावर काटा येतो, आणि ‘ल’ की ‘ळ’ यावर भांडण होतं. नाव-गाव-फळ-फूल हा खेळ तर सरळ पहिल्या अक्षराचाच. पावसाळ्यात पीटीचा तास वर्गात घ्यावा लागला की मी तो इंग्रजीत खेळायला लावायची. ‘बी’वर फळ ‘बनाना’ सगळ्यांचं एकच यायचं, म्हणून गुण निम्मे व्हायचे. मग कुणीतरी ‘बेरी’ काढायचं. पुढे मी त्यात क्रियापदाचा आणि विशेषणाचा रकाना घातला. मग शेवटी सगळे रकाने जोडून वाक्य करायचं. एका मुलीचं वाक्य मला पाठ आहे: ‘ब्रेव्ह बबन बॉट बिग ब्लॅक बफेलो.’ वाक्यात ‘अ’ राहिला होता. तो तिने ‘बबनने गडबडीत म्हैस घेतली’ म्हणून समर्थन करून सोडवला. विनोद करायला येऊ लागला म्हणजे भाषा येऊ लागली, असं मी मानते.

विसाव्या शतकात शब्दांची निवड शास्त्राने करायचं ठरलं. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने १९२१मध्ये कुठला शब्द किती वेळा छापला जातो हे मोजून शिक्षकांसाठी दहा हजार शब्दांचं पुस्तक केलं. ऑग्डेनने १९३०मध्ये साडेआठशे शब्दांत सगळं इंग्रजी बसवून दाखवलं, त्यातले सहाशे नुसते वस्तूंचे. आणि मायकेल वेस्ट तर आपल्याजवळचा. तो ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलांची वाचनपुस्तकं पाहून त्याच्या ध्यानात आलं, की त्यांत नको ते दुर्मीळ शब्द फार आणि रोजचे लागणारे कमी, आणि नवे शब्द एकावर एक येऊन आदळतात. त्याने ते पातळ पसरून नवी रीडरं लिहिली, आणि पुढे १९५३मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची सर्वोपयोगी यादी प्रसिद्ध केली. आमच्या शिक्षक प्रशिक्षणात या सगळ्यांची नावं घोकली जात. निवड वापराच्या मोजणीने केली, तरी थॉर्नडाइक आणि वेस्ट या दोघांनीही छापताना शब्द अकारविल्हेच लावले. शिक्षकाला शब्द सापडायला हवा ना!

मग माझे जुने विद्यार्थी अमेरिकेला जायची तयारी करू लागले आणि ‘ए’ची वही नव्या रूपात परतली. जीआरई परीक्षेसाठी बॅरनच्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी ‘अबेस’पासून सुरू व्हायची. पुण्यात वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांत तिच्या झेरॉक्स फिरत. त्याच वेळी रस्त्यावरच्या पुस्तकवाल्यांकडे नॉर्मन लुइसचं १९४९चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ मिळायचं. ते मूळ धातू आणि विषय धरून शिकवतं. दोन्ही वाचलेला एक जण सुट्टीत भेटायला आला तेव्हा मी विचारलं, लक्षात काय राहिलं? म्हणाला, “बाई, बॅरन परीक्षेपर्यंत राहिला, लुइस अजून आहे.” २०११मध्ये जीआरईनेच विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले आणि वाक्यातून शब्द ओळखायला लावला, तेव्हा त्या याद्यांचा तोरा बराच उतरला.

संशोधकांनीही हे तपासलंय. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्‌नील यांनी १९६६मध्ये, शब्द जिभेवर आहे पण आठवत नाही अशा अवस्थेतल्या माणसांचा अभ्यास केला. शब्द आठवत नसतानाही पहिलं अक्षर शंभरातल्या ५७ वेळा लोकांना बरोबर सांगता आलं. म्हणजे पहिलं अक्षर शब्दाची मूठ आहे, आधीपासून आत असलेला शब्द बाहेर ओढायला ती उपयोगी पडते. पण शब्द आत घालताना? तिथे उलट होतं. इस्रायलच्या बात्या लाउफर यांनी रूपाने सारख्या दिसणाऱ्या शब्दांची विद्यार्थी कशी गल्लत करतात हे दाखवलं, आणि न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांचा शिक्षकांना इशारा आहे की सारखे दिसणारे किंवा जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी शिकवू नका. ते एकमेकांना पुसतात. ‘अडॉप्ट’ आणि ‘अडॅप्ट’ एकाच पानावर एकाखाली एक लिहिणाऱ्या मुलांनी मला हे कुठल्याही शोधनिबंधाआधी सांगितलं होतं.

आमच्या वाईत मराठी विश्वकोशाचं काम झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६चा, आणि रचना अर्थातच अकारविल्हे. ती तशीच हवी, कारण विश्वकोश कुणी पाठ करत नाही, चाळतो. पण आता तिथेही क्रमाची गरज सुटत चालली. मोबाइलवर शब्द टाकला की अर्थ समोर येतो. ‘एम’ आधी की ‘एन’ आधी हे माझ्या नातवाला थांबून आठवावं लागतं, आणि त्यामुळे त्याचं काही अडत नाही. कॉड्रीने वाचकाकडून ज्या क्रमाचं पाठांतर मागितलं, तो क्रम यंत्राने आपल्या डोक्यावर घेतला. शोधायचं काम पहिल्या अक्षराकडून गेलं.

खेळायचं काम मात्र त्याच्याकडे अजून आहे, आणि शिक्षकांनी ते सोडू नये. २०००पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलांना अक्षरं लवकर येतात, वाक्यं उशिरा. यादी द्यायची तर रोजच्या वापरातल्या, वेगवेगळ्या अक्षरांच्या शब्दांची द्या, वाक्यासकट. आठवड्याने ती वही मिटा आणि एक अक्षर फळ्यावर लिहून विचारा, बोला, या अक्षराने तुमच्याकडे काय-काय आहे? आधी शिकवायचं आणि मग अक्षराची मूठ धरून बाहेर ओढायचं, हा क्रम उलटा केला की ‘ए’ची वही तयार होते.